प्याद्यांच्या एंडगेममधे इंजिनचा आकडा कसा वाचायचा

परवा अमळनेरला बहिणीकडे गेलो तर भाचा तालुक्याच्या बुद्धिबळ स्पर्धेतून नुकताच आलेला, तोंड एवढंसं झालेलं. एक प्यादं वर होता, घाईत हत्ती एक्स्चेंज केले आणि डाव बरोबरीत सुटला. घरी मोबाईलवरच्या इंजिनमधे, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्राममधे, डाव टाकला तर हत्ती असताना +१.४, म्हणजे पांढऱ्याचा फायदा, आणि हत्ती गेले की थेट ०.००, म्हणजे बरोबरी. मला म्हणे, "मामा, हाई मशीन लबाड बोलस का?" नै रे भो, मशीन बरोबर आहे, आकडा वाचायला शिकावं लागतं.

आधी एक समज काढून टाका, +१ म्हणजे एक प्यादं जास्त असं आता राहिलेलं नाही. स्टॉकफिश या इंजिनची १५.१ आवृत्ती आली डिसेंबर २०२२ मधे, तेव्हापासून +१ चा अर्थ असा की स्टॉकफिश स्वतःशीच खेळलं तर पांढरा जिंकायची शक्यता ५० टक्के. म्हणजे ही शक्यता झाली, निकाल नाही. पण नुसते राजे आणि प्यादी उरले, म्हणजे प्याद्यांचा एंडगेम आला, की मधलं काही नसतंच, जिंकलं, हरलं नाहीतर बरोबरी. +१.४ म्हणजे बांधावर उभं राहून कापसाचा काढलेला अंदाज, खरं वजन काट्यावरच कळतं.

तो काटा म्हणजे टेबलबेस, थोड्या मोहऱ्यांच्या पोझिशनचे आधीच काढून ठेवलेले पक्के निकाल. पटावर राजे धरून ७ किंवा कमी मोहरे असतील तर लीचेस या बुद्धिबळाच्या साइटच्या ॲनालिसिस बोर्डवर टेबलबेस उघडा, प्रत्येक चालीपुढे विन की ड्रॉ पक्कं लिहिलेलं असतं. तिथे इंजिनचा आकडा बघूच नका.

भाच्याच्या डावात शेवटी हे उरलं होतं: पांढरा राजा ई५, प्यादं ई४, काळा राजा ई७, चाल पांढऱ्याची. ड्रॉ. आता पोझिशन मांडायच्या एडिटरमधे जाऊन फक्त चाल काळ्याची करा, बाकी एक घरही हलवू नका, पांढरा जिंकतो! कारण काळ्याला समोरून बाजूला व्हावंच लागतं, तो डी७ ला गेला की आपण एफ६, तो ई८ ला आला की आपण ई६, आणि राजा प्याद्याच्या पुढे सहाव्या रांगेत पोचला की प्यादं आरामात वजीर होतं. राजे समोरासमोर, मधे एकच घर, आणि ज्याची चाल नाही त्याचा वरचष्मा, हेच ऑपोझिशन. म्हणून कुठलीही पोझिशन दोनदा बघायची सवय लावा, एकदा पांढऱ्याच्या चालीने, एकदा काळ्याच्या. निकाल बदलला तर सगळा खेळ एका टेंपोचा, म्हणजे एका चालीचा आहे, मग हातात राखलेली प्याद्याची एक चाल सोन्यासारखी जपायची.

मोहरे ७ पेक्षा जास्त असले की डेप्थ बघा, म्हणजे इंजिन किती चाली खोल बघतंय तो आकडा. तेव्हाचा जगज्जेता लास्कर आणि अमेरिकन खेळाडू राइशहेल्म यांची १९०१ ची ही पोझिशन मांडाच: पांढरा राजा ए१, प्यादी ए४, डी४, डी५, एफ४, काळा राजा ए७, प्यादी ए५, डी६, एफ५, चाल पांढऱ्याची. एकही प्यादं हलत नाही, दोघे राजेच फिरतात. पांढऱ्याला बी५ कडून घुसायचंय नाहीतर लांबून वळसा घालून एफ५ चं प्यादं खायचंय आणि काळ्याला दोन्हीकडे राखण करायचीय. जिंकणारी चाल एकच, राजा बी१, म्हणजे चक्क मागच्या रांगेतच. इंजिन सुरुवातीला मोघम फायदा दाखवतं आणि पुरेसं खोल गेलं की आकडा एकदम उडी मारतो. ती उडी आली की खालची चालींची ओळ शेवटपर्यंत वाचा, प्यादं कुठे पडतं, वजीर कुठे होतो ते सापडतं.

उलट डेप्थ २० ला +१.५, ४० ला पण +१.५, आणि ओळीत राजे नुसते इकडून तिकडे, तर बहुतेक ड्रॉ समजा. खात्री करायला पाच-सहा चाली स्वतः खेळा, आकडा वाढत नसेल तर आत काही नाही.

आणि हो, काही प्रोग्राममधे प्लस म्हणजे ज्याची चाल त्याचा फायदा, पांढऱ्याचा नव्हे, हे आधी तपासा.

भाच्याला त्याच रात्री घरच्या अभ्यासाचं काम लावून आलोय: आपल्या जुन्या डावात जिथे हत्ती मारता आले असते तिथे थांब, दोन्ही हत्ती पटावरून उचल, स्वतः सांग जिंकलं का ड्रॉ, कागदावर लिही, मगच मोबाईलला विचार.