बदलून न देणाऱ्या दुकानातून कपडे कसे घ्यावेत : साथीच्या काळासाठी मार्गदर्शन

३१ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने टाळेबंदी टप्प्याटप्प्याने शिथिल करण्याचा आदेश काढला, तेव्हा कापड दुकानांसाठी त्यात दोन स्पष्ट अटी होत्या. कपडे घालून पाहण्याच्या खोल्या बंद ठेवायच्या आणि विकलेला कपडा बदलून किंवा परत घ्यायचा नाही. ५ जूनपासून नागपूर, अमरावतीसारख्या महापालिकांच्या शहरांत बाजारपेठा उघडल्या, पण रस्त्याच्या एका बाजूची दुकाने सम तारखेला, दुसऱ्या बाजूची विषम तारखेला आणि तीही सकाळी ९ ते सायंकाळी ५ एवढ्याच वेळेत. एसटीची जिल्ह्याबाहेरची वाहतूक तर २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंदच होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि अचलपूर भागात पुन्हा टाळेबंदी लागली. विदर्भातल्या दारव्हा, चिमूर किंवा दर्यापूरसारख्या तालुक्याच्या गावी जाऊन कपडे घेणाऱ्या खेड्यातल्या कुटुंबासाठी या सगळ्याचा अर्थ एकच होता : माप चुकले की पैसे गेले. अशी वेळ पुन्हा येऊ शकते, आणि साथ नसतानाही अनेक दुकाने जवळपास याच नियमाने चालतात. म्हणून कपड्याची पारख, मापाची खात्री आणि दुकानदाराशी बोलणी ही तिन्ही कामे पैसे देण्याच्या आधी कशी उरकावीत, ते येथे सविस्तर सांगतो.

दुकानदार कडक का असतो

हे समजून घेतले तर बोलणी सोपी जातात. तालुक्याचा छोटा दुकानदार बहुधा नागपूरच्या गांधीबागेतून किंवा अमरावतीच्या घाऊक बाजारातून माल आणतो. तेथे रेडिमेड शर्ट सुटा मिळत नाही, ३८, ४०, ४२, ४४ असा पूर्ण सेट उचलावा लागतो. त्यातला एक नग टिकेट (किंमत-नंबराची चिठ्ठी) काढून, घडी मोडून किंवा घामाचा वास लागून परत आला, तर घाऊक व्यापारी तो घेत नाही आणि तो तोटा दुकानदाराच्या गल्ल्यातून जातो. साथीत त्यात संसर्गाच्या भीतीची भर पडली. त्यामुळे त्याचा नकार हा दरवेळी उर्मटपणा असतो असे समजू नये. मात्र हा नकार माप आणि पसंती यांच्यापुरता असतो. कपडाच सदोष निघाला तर गोष्ट निराळी आहे, आणि ती पुढे कायद्याच्या अंगाने येईलच.

घरी करायची तयारी

सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा, कारण घरी टेपने घेतलेले माप दुकानातल्या अंदाजापेक्षा नेहमी खरे ठरते. माणसाच्या अंगाचे माप घेऊन ते कपड्याच्या नंबराशी जुळवण्यापेक्षा, नीट बसणारा जुना कपडा सपाट पसरून त्याचे माप घ्यावे आणि नव्या कपड्याशी ताडून पाहावे. शर्ट असेल तर एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजून त्याची दुप्पट करावी, खांद्याच्या एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंतचे अंतर घ्यावे, आणि बाहीची व पाठीची लांबी लिहून ठेवावी. पँटीची कंबर बटण लावून सपाट मोजावी व दुप्पट करावी. जांघेच्या शिलाईपासून खाली पायापर्यंतची आतली लांबी आणि मांडीचा घेर ही मापे लोक विसरतात, आणि पँट बहुतेक वेळा मांडीतच अडते. कुर्तीच्या बाबतीत छातीबरोबर नितंबांचा घेरही घ्यावा, कारण बाजूला चीर नसलेली कुर्ती तेथे ताणली जाते.

नंबरावर कधीही विसंबू नये. एका कंपनीचा ४० दुसऱ्या कंपनीच्या ४२ एवढा असू शकतो, आणि कुर्तीवर छापलेली एल किंवा एक्सएल ही अक्षरे तर त्याहून सैल अर्थाची असतात. घरातल्या प्रत्येकाची मापे एका वहीच्या पानावर लिहून त्या पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवला, तर दुकानात एकच माणूस गेला तरी चालते. साथीत तेच हवे असते. शक्य असल्यास तो जुना शर्ट किंवा ब्लाउज पिशवीत सोबतच न्यावा, म्हणजे काउंटरवर एकावर एक ठेवून पाहता येते.

लहान मुलांसाठी एक नंबर मोठा घ्यावा आणि खालची पट्टी आतून रुंद दुमडलेली आहे का ते पाहावे, म्हणजे पुढे लांबी सोडता येते. शाळेचा गणवेश मात्र शाळा उघडण्याची तारीख जाहीर झाल्याशिवाय घेऊ नये. विदर्भात उन्हामुळे शाळा आधीच उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. साथीत तर वर्ग अनेक महिने बंद राहिले आणि तेवढ्या काळात मुलांची उंची वाढली.

निघण्यापूर्वी फोन

लहान गावात दुकानदाराचा नंबर सहज मिळतो. आदल्या दिवशी फोन करून विचारावे, "भाऊ, बेचाळीस नंबरचा कॉटनचा पांढरा शर्ट आहे का? असला तर काखेतून काखेपर्यंत किती इंच भरतो, तेवढे मोजून सांगता का?" बहुतेक दुकानदार हे आनंदाने करतात, व्हॉट्सॲपवर फोटोही पाठवतात. फोटोतल्या रंगावर मात्र विश्वास ठेवू नये, कारण दुकानातल्या ट्यूबच्या उजेडात मोरपंखी निळा दिसतो आणि राणी रंग लाल.

याच फोनवर बदलून देण्याचा नियम विचारून घ्यावा. तोही तुकड्यातुकड्याने विचारावा. नंबर बदलून मिळेल का, किती दिवसांत, पैसे परत मिळतील की दुसरा माल घ्यावा लागेल, सवलतीच्या मालाला वेगळा नियम आहे का. "तुम्ही घरचेच आहात, बघू" हे उत्तर प्रेमाचे असते, पण त्याच्या भरवशावर लग्नाचा कपडा घेऊ नये.

दुकानात

कोरोनाविषयी आज जे कळले आहे त्यावरून कपड्याला हात लावण्यापेक्षा बंद, गर्दीच्या दुकानात बराच वेळ थांबणे अधिक धोक्याचे आहे. म्हणून मुखपट्टी लावून, सकाळी दुकान उघडताच जावे, मापाचे पान हाती ठेवावे आणि निवड लवकर संपवावी. वाचलेला वेळ पारखीसाठी द्यावा.

कपडा दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात धरून पाहावा. उजेडासमोर धरला की विरलेली जागा, बारीक भोक आणि सुटलेला धागा लगेच दिसतो. काख, जांघ, खिसा आणि चेन या चार ठिकाणची शिलाई दोन्ही हातांनी हलकेच ताणून पाहावी, चेन दोनदा वरखाली करावी, बटणे आणि काजे मोजावीत. रेडिमेड कपडा उलटा करून शिलाईत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, किती आहे हे जरूर पाहावे. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर गावचा शिंपी थोडा घट्ट कपडा सैल करून देऊ शकतो, काठाला लागून शिलाई मारलेली असेल तर काहीच करता येत नाही. बदलून न मिळणाऱ्या कपड्यात ही माया हाच आपला आधार असतो. म्हणून दोन नंबरांत शंका असेल तर मोठा घ्यावा, कारण आत घेणे नेहमी शक्य असते.

रंग जातो का हे पाहण्यासाठी दुकानदाराला विचारून, ओल्या पांढऱ्या रुमालाचे टोक कपड्याच्या आतल्या कडेवर घासावे. कापड खरेच सुती आहे का याची खात्री हवी असेल, तर ताग्याच्या कडेचा एक धागा मागून घेऊन दुकानाबाहेर जाळून पाहावा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते, पॉलिस्टर वितळून त्याची कडक गुठळी बनते. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो आणि तेव्हा सुती म्हणून घेतलेले मिश्र कापड अंगावर सहन होत नाही. त्यामुळे ही परीक्षा मागण्यात संकोच करू नये.

साडी घेताना नुसता पदर पाहून समाधान मानू नये. मधल्या घड्यांतच डाग आणि विणकामातले दोष लपलेले असतात, म्हणून साडी पूर्ण उलगडून दाखवण्याची विनंती करावी. सहावारी साडी साधारण साडेपाच मीटर आणि सोबत ब्लाउजचे सुमारे ऐंशी सेंटिमीटर कापड असा हिशेब असतो. अंगाने भरलेल्या बाईसाठी ही लांबी टेपने मोजूनच घ्यावी. फॉल-पिको घाईने तेथेच लावून घेऊ नये, कारण एकदा फॉल लागला की ती साडी कोणीही परत घेत नाही. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार साड्या पसंतीसाठी घरी नेऊ देण्याची जुनी पद्धत साथीत थांबली होती. ती पुन्हा सुरू असली तरी नेताना साड्यांची संख्या आणि किंमती दोघांनी लिहून ठेवाव्यात.

रेडिमेड की कापड?

घालून पाहण्याची सोय नसेल तेव्हा माझे मत स्पष्टपणे कापडाच्या बाजूने आहे. गावात शिंपी आहे, त्याच्याकडे आपली मापे आहेत, आणि कापडाला नंबर नसतो. अठ्ठावन्न इंच पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, कापड असेल तर मध्यम बांध्याच्या माणसाच्या पूर्ण बाहीच्या शर्टाला साधारण १.६ मीटर आणि पँटीला १.२ ते १.३ मीटर लागते. छत्तीस इंच पन्हा असेल तर शर्टालाच सव्वादोन ते अडीच मीटर लागते. नेमका आकडा आपल्या शिंप्याला फोनवर विचारून घ्यावा. कात्री लागलेले कापड कोणत्याही काळात परत होत नाही, म्हणून ताग्यावरून फाडण्याआधी पन्हा आणि लांबी दोन्ही आपल्यासमोर मोजून घ्यावीत. सुती कापड शिवायला टाकण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवावे. ते जेवढे आटायचे तेवढे आधीच आटते आणि शिवलेला शर्ट पहिल्या धुण्यात तोकडा होत नाही.

लग्नाचा बस्ता

सगळ्यात मोठी रक्कम येथे अडकते. २०२० मध्ये लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्रात ती पंचवीस माणसे व दोन तास इतकी खाली आली. ज्यांनी आहेराच्या साड्या, टॉवेल, टोप्या आणि मानपानाचे कपडे आधीच एकगठ्ठा घेतले होते, त्यांच्या घरात ते गठ्ठे तसेच पडून राहिले. म्हणून साथीत बस्ता दोन भागांत करावा. नवरदेव-नवरीचे आणि घरच्या माणसांचे कपडे आधी घ्यावेत, कारण त्यांना शिवणकाम लागते. आहेराचा माल तारीख आणि पाहुण्यांची संख्या पक्की झाल्यावरच उचलावा. दुकानदाराला दोन्ही भाग सांगून एकूण बस्त्याचा भाव एकत्र ठरवता येतो आणि दुसऱ्या भागासाठी थोडी इसार रक्कम देता येते. घडी न मोडलेल्या आहेराच्या साड्या उरल्या तर किती परत घेणार, हेही त्याच वेळी ठरवून बिलावर लिहून घ्यावे. मोठ्या गिऱ्हाइकासाठी दुकानदार ही अट बहुधा मान्य करतो.

बिल

बिल घेतल्याशिवाय दुकान सोडू नये. त्यावर दुकानाचे नाव, तारीख, वस्तू, नंबर, रंग आणि किंमत असावी. "सात दिवसांत नंबर बदलून देऊ" असे तोंडी ठरले असेल तर ते त्याच बिलावर पेनने लिहून सही मागावी. पैसे मोबाइलवरून दिल्यास तारखेसह नोंद राहते, पण ती बिलाची जागा घेत नाही.

घरी आल्यावर

येथे दोन काळज्या एकमेकींच्या आड येतात. संसर्गाच्या भीतीने कपडा लगेच धुवावासा वाटतो आणि धुतलेला कपडा दुकानदार पाहतसुद्धा नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कापडावर टाकलेला विषाणू दोन दिवसांनी जिवंत सापडला नव्हता. त्यामुळे पिशवी दोन दिवस बाजूला ठेवून देणे हा त्यावरचा चांगला मार्ग आहे. नंतर हात धुऊन, अंगाला तेल किंवा अत्तर न लावता, स्वच्छ बनियनवर कपडा एकदा घालून पाहावा, टिकेट तसेच ठेवावे, बसून आणि हात वर करून पाहावे. सर्व ठीक असेल तरच टिकेट काढून धुण्यास टाकावा. बदलायचा असेल तर थेट गाडी न काढता आधी फोन करावा आणि हवा तो नंबर बाजूला काढून ठेवण्यास सांगावे.

कपडा सदोष निघाला तर

२० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल परत घेण्यास आणि त्याचे पैसे देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिलावर मुदत दिली असेल तर ती, नसेल तर तीस दिवसांची मुदत कायद्यात दिली आहे. विकलेल्या मालाचे बिल न देणे हीदेखील अनुचित प्रथाच आहे. म्हणजे "एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" असे बिलावर छापले असले, तरी फाटलेल्या किंवा विणकामात दोष असलेल्या कपड्यासाठी ते दुकानदाराचे अंतिम उत्तर ठरत नाही. मात्र आपल्याला रंग आवडला नाही किंवा माप चुकले, तर हा कायदा आपल्या मदतीला येत नाही. तेथे दुकानदाराने दिलेला शब्दच चालतो, आणि म्हणून तो लिहून घ्यायचा.

दोष दिसताच त्याचा आणि टिकेटाचा फोटो काढून त्याच दिवशी दुकानदाराला पाठवावा. कपडा धुऊ नये, शिंप्याकडे देऊ नये. बहुतेक प्रकरणे येथेच, दुसरा नग घेऊन किंवा पुढच्या खरेदीत रक्कम वळती करून मिटतात, आणि रोजच्या ओळखीच्या माणसाशी ती अशीच मिटावीत. नाहीच मिटले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे जिल्ह्याच्या ठिकाणी असलेल्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे, आपण राहतो त्या जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क लागत नाही आणि वकील देण्याची सक्ती नाही. सहाशे रुपयांच्या शर्टासाठी कोणी तेथे जाणार नाही, पण बस्त्याच्या रकमेसाठी जरूर जावे. तेथे बिल लागते, आणि यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरची अक्षरे उन्हाच्या तापाने काही महिन्यांत पुसट होतात, म्हणून त्याचा फोटो खरेदीच्या दिवशीच काढून ठेवावा आणि एक झेरॉक्स मापाच्या वहीतच लावून द्यावी.