घरचं ज्वारीचं बियाणं ठेवताय? कणसं उभ्या पिकातच निवडा

रब्बी ज्वारीचा हुरडा सरत आलाय, दाणा टणक व्हायला लागलाय, म्हणजे घरचं बियाणं निवडायची वेळ हीच, खळ्यावर ढीग पडल्यावर नाही. बीड, परभणी, धाराशिवकडं बरेच जण मालदांडी नायतर परभणी मोती ही वाणं घरचीच पेरतेत, चांगलंच आहे ते. पण टपोरं कणीस दिसलं की खुडलं आन बियाण्याला ठेवलं, एवढ्यानं भागत नाही.

कणसाचं वजन, ताटाची उंची, पाण्याचा ताण सोसायची ताकद हे काय एका जीनवर (आईबापाकडनं गुण पुढं नेणाऱ्या घटकावर, म्हणजे जनुकावर) ठरत नसतंय, कितीतरी जीन थोडा थोडा वाटा उचलतेत आणि त्यात पुन्हा जमीन, ओल, खत आलंच. स्वीडनचे शास्त्रज्ञ निल्सन-एहले यांनी १९०९ साली गव्हाच्या दाण्याच्या लाल रंगावर हे दाखवलं, तीन जीन मिळून गडद लाल ते पांढरा अशा छटा पडतेत आणि लाल-पांढऱ्याच्या संकराच्या दुसऱ्या पिढीत ६४ त सरासरी एकच पांढरा निघतो. नुसत्या रंगाला तीन, मग उताऱ्याला किती असतील विचार करा!

म्हणून उकिरड्याजवळचं, पाटाकडंचं, विरळ जागेतलं कणीस सोडून द्या, ते खतापाण्यानं फुगलेलं असतंय आन खत काय बियाण्यात उतरत नाही. रानाचे आठ-दहा भाग पाडा, प्रत्येक भागात शेजारच्या ताटांपेक्षा सरस अशी दहा-पंधरा ताटं निवडा, म्हणजे शंभराच्या आसपास कणसं होतात. ताट बुडाशी अंगठ्यानं दाबून बघा, पोकळ लागलं तर एखादं चिरा, आत धाग्यांवर काळे बारीक ठिपके दिसले तर तो खडखड्या रोग, असली ताटं आणि काणीची (दाण्यात काळी भुकटी भरणाऱ्या बुरशीरोगाची) कणसं घेऊच नका. ज्वारीत थोडंफार परपरागीकरण होतं, म्हणजे दुसऱ्या ताटाचे पराग येऊन दाणा धरतो, शेजारी दुसरं वाण असेल तर त्या बाजूच्या ओळी पण सोडा.

एका वर्षात फार फरक दिसणार नाही, दरसाल असंच करत राहिलं तर हळूहळू पडतो. हायब्रीडचं बियाणं मात्र ठेवू नका, पुढच्या पिढीत जीन वेगवेगळे वाटले जातात आन रान उंच-बुटकं, मागं-पुढं निसवतं.

कणसं चांगली वाळवून वेगळी मळा. पेरणीआधी १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून बघा, ७५ च्या खाली उगवले तर ते बियाणं वापरू नका, आणि पेरताना किलोला ४ ग्रॅम गंधक चोळा, काणी आटोक्यात राहते.