व्हील बेअरिंग घरी बदलायचंय? मग गाडी उचलायच्या आधी एवढं जमवून ठेवा
चाकातून घूंऽऽ आवाज येतोय, स्पीडबरोबर वाढतोय, आणि कुणीतरी सांगितलं की बेअरिंग गेलं. आधी ते खरंच बेअरिंगच आहे का बघा, कारण टायर उंचसखल झिजला तरी हुबेहूब असाच आवाज येतो. पुढचे टायर मागे टाका, आवाजही मागे गेला तर टायरच. तसाच राहिला तर मोकळ्या रस्त्यावर साठच्या आसपास स्टेअरिंग हलकंच इकडे-तिकडे करा. उजवीकडे वळलं की वजन डाव्या चाकावर येतं, तेव्हा आवाज वाढला तर संशय डाव्यावर. मग चाक उचलून एका हाताने फिरवा आणि दुसरा हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवा, खराब बेअरिंगची खरखर बोटांना लगेच कळते. नुसता प्ले (चाकाचा ढिलेपणा) दिसला म्हणून बेअरिंग मागवू नका, बॉल जॉइंट (सस्पेन्शनचा सांधा) गेला असेल तरी चाक हलतंच.

मी बोलतोय ते आपल्या स्विफ्ट-वॅगनआर टाइप गाड्यांच्या पुढच्या चाकाबद्दल, जिथे बेअरिंग नकलमध्ये (चाकामागचा लोखंडी भाग, ज्याला स्ट्रट आणि ब्रेक जोडलेले असतात) प्रेस करून बसवलेलं असतं आणि हब, म्हणजे चाक ज्यावर बोल्टने बसतं तो भाग, त्याच्यात. काही गाड्यांना हब आणि बेअरिंग एकत्र बोल्टवर येतं, तुमचं तसं असेल तर निम्मं काम वाचलं. पण प्रेसवालं असेल तर खरी तयारी घरची नाहीच, प्रेसवाल्याची आहे. लोक यूट्यूब बघून शनिवारी दुपारी गाडी खोलतात, नकल काढून हातात घेतात आणि मग शोधायला निघतात की हे दाबून कोण देणार. आधी दोन-तीन लेथवाले गाठा, हायड्रॉलिक प्रेस आहे का विचारा, किती घेणार ते ठरवा, आणि सुट्टीचा वार विचारा, कारण पिंपरी-चिंचवड-भोसरीत कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, कोल्हापूरला उद्यमनगरात जाणार असाल तर तिकडचा वार वेगळा विचारा. नकल न्यायला दुसरी गाडी लागणार हेही धरून चाला, तुमची तर जॅकवर असणार.

प्रेसवाल्याजवळ स्वतः उभं राहा. नवीन बेअरिंग नकलमध्ये बसवताना दाब फक्त बाहेरच्या रिंगवर आला पाहिजे, आणि नंतर हब दाबताना खालून आधार आतल्या रिंगला. उलटं झालं की जोर गोळ्यांमधून जातो, रिंगमध्ये बारीक खड्डे पडतात, आणि नवीन बेअरिंग थोड्याच दिवसांत परत गुणगुणायला लागतं. हातोडीने ठोकून बसवतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून पुढच्याकडे जा. जुना हब निघताना आतली एक रिंग बहुतेक वेळा त्याच्यावरच अडकून राहते, ती काढायला पुलर किंवा ग्राइंडर आणि छिन्नी लागते, त्याच्याकडे आहे का तेही आधीच विचारा. ग्राइंडर चालवताना हबला कट लागायला नको, आणि हबचा तो भाग घासला गेलेला दिसला तर हबही नवीन घ्या.

पार्ट घेताना चासी नंबर दाखवूनच घ्या. बेअरिंगबरोबर नवीन सर्कलिप (बेअरिंग जागेवर अडकवून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) आणि ॲक्सलचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या टोकाचा) नवीन नट, कारण त्या नटाची कड खाचेत ठोकून बसवलेली असते, तो परत वापरायचा नसतो. ब्रँड एसकेएफ असो, एनबीसी असो, कंपनीचा ओरिजिनल असो, दुकान खात्रीचं हवं, डुप्लिकेट माल बाजारात भरपूर आहे. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी सिस्टिम) असेल तर बऱ्याच बेअरिंगच्या एका तोंडाला चुंबकाची रिंग असते, ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी, दोन्ही बाजू दिसायला जवळपास सारख्याच असतात म्हणून पेनाने आधीच खूण करा आणि ते पाकीट स्पीकर, मॅग्नेटिक ट्रे वगैरेपासून लांब ठेवा.

हत्यारांत ॲक्सलच्या नटाचा सॉकेट (माप आधी बघा, तीस मिमीच्या आसपासचं असतं, घरच्या सेटमध्ये बहुधा नसतंच), लांब टॉमी (सॉकेट फिरवायचा दांडा) आणि त्यावर चढेल असा पाइप, सर्कलिप प्लायर, वायर ब्रश, गंज सोडवायचा स्प्रे आणि टॉर्क रेंच (नट ठरावीक जोराने आवळता येणारा पाना). टॉर्क रेंच नसेल तर मागून आणा पण आणा, अंदाजाने आवळलेला ॲक्सल नट म्हणजे बेअरिंगचं आयुष्य अंदाजावर. आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून लिहून भिंतीला चिकटवा. स्प्रे आदल्या रात्रीच मारून ठेवा, आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यातून गेलेल्या गाडीचे बोल्ट गंजाने असे धरतात की विचारू नका. कॅलिपर (ब्रेकचे पॅड धरणारा भाग) लटकवायला तार ठेवा, ब्रेकच्या होजवर लोंबकळत सोडू नका. स्ट्रटचे (स्प्रिंग-शॉकअपचा खांब) नकलला जोडणारे दोन बोल्ट काढायच्या आधी त्यांच्या जागेची खूण करा, तरी अलाइनमेंटचे पैसे बाजूला ठेवाच.

जागा सपाट आणि पक्की. सोसायटीत असाल तर उतारावरचं पार्किंग नको, आणि वॉचमनला सांगून ठेवा, नाहीतर गाडी स्टँडवर असताना कुणीतरी "जरा पुढे घेता का" म्हणत येतं. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त उचलायला, खाली स्टँड हवाच, विटा आणि सिमेंटचे ब्लॉक अजिबात नाही, ते इशारा न देता फुटतात. मागच्या दोन्ही चाकांना दगड, हँडब्रेक ओढलेला. ॲक्सलचा नट मात्र चाक जमिनीवर असतानाच, कुणाला तरी ब्रेकवर बसवून, नुसता सैल करायचा, म्हणजे घरातला एक माणूसही यादीत धरा. नट सैल झाला की गाडी पुढे-मागे ढकलायची नाही, बेअरिंगवर वजन येतं.

गिअरबॉक्सकडून चाकाला येणारा शाफ्ट हबमधून सोडवताना बाहेर ओढू नका, गिअरबॉक्सकडून निसटला तर ऑइल फरशीवर, म्हणून तो बांधून ठेवायला एक दोरी आणि खाली पसरायला जुना पुठ्ठा घ्या.