कीपरने बॉल हातात घेतला, शिट्टी मारायची की नाही?

पावसाळ्यात रत्नागिरी-सावंतवाडीकडच्या फुटबॉल मैदानांवर एका सरीत फक्कीची रेघ धुऊन जाते आणि कीपरच्या हातावरून भांडणं सुरू होतात. म्हणून रेफरी असाल तर मॅचआधी पेनल्टी एरिया (गोलसमोरचा मोठा चौकोन, कीपरला फक्त इथेच हात लावता येतो) मोजून घ्या: दोन्ही गोलपोस्टच्या आतल्या कडेपासून बाहेर १६.५ मीटर, मैदानातही तेवढंच. हाफटाइमला रेघ पुन्हा मारून घ्या.

आधी बॉल कुठे आहे ते बघा, कीपरचे पाय नव्हे. रेघ एरियाचीच असते, त्यामुळे रेघेवरचा बॉल आतच. पाय आत पण बॉल पूर्ण बाहेर असताना मुद्दाम हात लावला, तर इतरांसारखाच हँडबॉल: डायरेक्ट फ्री किक, म्हणजे थेट गोल मारता येणारी. त्यात समोरच्याची स्पष्ट गोलसंधी हिरावली असेल तर लाल कार्ड.

बॉल आत असेल, तर तो कुणी आणि कशाने दिला ते ठरवा. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने दिलेला (बॅकपास) किंवा त्याच्या थ्रो-इनवरून थेट आलेला बॉल हातात घेतला की इनडायरेक्ट फ्री किक, म्हणजे दुसऱ्या खेळाडूला लागल्याशिवाय गोल धरत नाहीत अशी. पेनल्टी नाही, कार्डही नाही. बाहेरून कितीही ओरडा होऊ दे. डोक्याने, छातीने, गुडघ्याने दिलेला चालतो. मात्र नियम चुकवायला पायाने बॉल उडवून डोक्याने मागे दिला, तर ही चलाखी करणाऱ्याला पिवळं कार्ड, कीपरने हात लावो न लावो.

चिखलात नेमकं इथेच चुकतं. डिफेंडर बॉल लांब मारायला जातो, बूट घसरतो, बॉल कड घेऊन मागे जातो. हा बॅकपास नव्हे, खेळ चालू द्या. खरा बॅकपाससुद्धा कीपरने लाथेने मारायचा स्पष्ट प्रयत्न केला आणि तो फसला, तर मग हातात घेता येतो.

इनडायरेक्टची शिट्टी दिलीत तर हात वर करा आणि किकनंतर बॉल दुसऱ्या खेळाडूला लागेपर्यंत किंवा बाहेर जाईपर्यंत खाली घेऊ नका. हात वर केलाच नाही आणि थेट गोल झाला, तर किक परत घ्यावी लागते. जागा गोल एरियात (गोललगतचा छोटा चौकोन) असेल, तर किक ५.५ मीटरच्या समोरच्या रेघेवरून.

आता वेळ. २०२५-२६ पासून कीपरला बॉल हातात ठेवायला ६ ऐवजी ८ सेकंद मिळतात. बॉल पक्का हातात आला आणि सोडायला वाट मोकळी झाली की मोजायला लागा. अंगावर पडून राहिलेल्या स्ट्रायकरचा वेळ कीपरच्या नावावर लावू नका. टप्पे टाकले, वर उडवून झेलला, तरी मोजणी थांबत नाही. शेवटचे ५ सेकंद हात वर करून बोटांनी दाखवा. तरीही सोडला नाही, तर कीपर ज्या बाजूला उभा असेल तिकडचा कॉर्नर द्या.