‘फक्त दोनदा चालवलीये’: जुनी आरसी कार ऑनलाइन घेताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात मी एक जुनी आरसी, म्हणजे रेडिओ कंट्रोलवरची, बग्गी ऑनलाइन घेतली. माप १/१४, म्हणजे खऱ्या गाडीच्या चौदाव्या हिश्श्याएवढी. जाहिरातीत लिहिलं होतं, ‘फक्त दोनदा चालवलीये, मुलगा दहावीला गेला म्हणून देतोय.’ सोबत व्हिडिओ. गाडी हातात उचलून धरलेली, चारही चाकं गरागरा फिरतायत, मागे ढिंच्याक गाणं. मी लगेच पैसे पाठवले. खोकं आलं, बॅटरी लावली, सोसायटीच्या पार्किंगमध्ये ठेवून रिमोटचा ट्रिगर दाबला, तर गाडी जागच्या जागी थरथरली आणि आतून खर्रर्र आवाज. मोटरवरचं कव्हर काढून बघितलं. मोठ्या प्लास्टिकच्या चक्राचे, म्हणजे स्पर गिअरचे, एका बाजूचे दात सपाट झालेले आणि चॅसिसच्या कोपऱ्यात त्यांचा काळा भुगा. व्हिडिओला गाणं का लावलं होतं ते तेव्हा कळलं.

आता तो माणूस खोटं बोलला का? दोनदाच चालवली असेलही. दुसऱ्या वेळी गिअर गेला, म्हणून तिसऱ्यांदा चालवली नाही, एवढं लिहायचं राहिलं. या बाजारात धडधडीत खोटं कमी आणि ‘नरो वा कुंजरो वा’ फार. त्यामुळे जाहिरातीत काय लिहिलंय यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते आधी बघायचं.

हवेत फिरणाऱ्या चाकांवर भुलू नका

उचललेल्या गाडीच्या चाकांवर भारच नसतो, त्यामुळे अर्धे दात गेलेला गिअरसुद्धा ती फिरवतो. व्हिडिओ मागायचा तो जमिनीवरचा, मूळ आवाजासकट आणि एकही कट नसलेला. गाडी उभी असताना एकदम पूर्ण ट्रिगर, मग ब्रेक, मग रिव्हर्स, मग हळूहळू इंग्रजी आठचा आकडा. वीस-तीस सेकंद पुरतात.

दुसरा व्हिडिओ डिफरन्शियलचा, म्हणजे डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या डबीचा. गाडी बंद ठेवून उचलायची आणि मागचं एक चाक हाताने फिरवायचं. स्पर गिअर धरून ठेवला असेल तर दुसरं चाक उलट्या दिशेने, सलग फिरायला हवं. मध्येच टक्कन अडकलं किंवा दुसरं चाक हललंच नाही, तर डिफ उघडावा लागणार. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर हेच पुढच्या चाकांचंही. हे करून दाखवायला विकणाऱ्याला मिनिटभर लागतं. ‘सर, गाडी सध्या मित्राकडे आहे’ असं उत्तर आलं तर मी तिथेच थांबतो.

वरून काढलेले फोटो असतातच, पण मला पोटाचा फोटो हवा असतो. वरची बॉडी पॉलीकार्बोनेटची, नवी बसवली की गाडी कोरी दिसते. चॅसिसचं पोट मात्र बदलत नाहीत. तिथे पुढून मागे ओरखड्यांची जाळी असेल तर ‘शोकेसमध्ये ठेवलेली’ ही ओळ विसरा. पुढच्या बंपरमागे आणि सस्पेन्शनचे हात जिथे अडकतात तिथे केसासारखी भेग आहे का बघा. स्क्रूंची डोकी तर सगळं सांगून टाकतात. षटकोनी खाच गोल झालेली असेल तर गाडी बऱ्याचदा उघडलीये, आणि तीही चुकीच्या पान्याने.

‘इम्पोर्टेड रिमोटची गाडी’

आपल्याकडे सगळ्यालाच रिमोटची गाडी म्हणतात, तिथेच घोळ होतो. खेळण्यातली गाडी आणि हॉबी ग्रेड गाडी या दोन वेगळ्या जाती. हॉबी ग्रेडमध्ये मोटर, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर), रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग) सुटे बदलता येतात आणि स्पेअर मिळतात. खेळण्यातल्या गाडीचा बोर्ड गेला की गाडी गेली. ‘इम्पोर्टेड’ हा शब्द दोघींनाही लागतो. ओळखायला एकच प्रश्न विचारा: स्टिअरिंग अर्धं वळतं का? हॉबीच्या गाडीत तुम्ही जितकं वळवाल तितकंच चाक वळतं. खेळण्यात बहुधा पूर्ण डावं, पूर्ण उजवं आणि सरळ, एवढंच.

मापाचाही गोंधळ असतो. १/१० ही १/१६ पेक्षा मोठी, पण ‘सोळा नंबर, मोठी गाडी’ असं लिहिणारे मी बघितलेत. गाडीशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो मागा. ट्रॅक्सास कंपनीची १/१० मापाची स्लॅश ही गाडी साधारण ५७ सेंटिमीटर लांब असते, तेवढा अंदाज डोक्यात असू द्या.

बॅटरी सोबत आहे, पण कशी?

इथे थोडं थांबतो, कारण बाकीच्या चुकांत पैसे जातात, इथे घर पेटू शकतं. लायपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरीचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास ठेवतात, आणि ३ च्या खाली गेला की तो सेल खराब झाला असंच धरायचं. आता ‘वर्षभर कपाटात पडून होती’ हे वाक्य परत वाचा. ईएससीला जोडलेलीच राहिली असेल तर ती थेंब थेंब रिकामी होत गेलेली असणार. म्हणून प्रत्येक सेलचा व्होल्टेज मीटरवर दाखवणारा फोटो मागायचा. दोन सेल असतील आणि एक ३.८, दुसरा ३.१ असेल तर ती बॅटरी फुकटसुद्धा नको.

बॅटरीचा फोटो आडव्या बाजूने मागा. समोरून फुगवटा दिसत नाही. ‘किंचित फुगलीये, पण मस्त चालते’ असं लिहिणारा निदान प्रामाणिक तरी असतो. फुगलेली बॅटरी चार्जला लावायची नाही, उशीखाली दाबून सपाट तर अजिबात करायची नाही. (हसू नका, केलेलं बघितलंय.) कुरिअरने मागवताना बॅटरी आत आहे हे विकणाऱ्याला स्पष्ट सांगायला लावा. लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यावर निर्बंध आहेत आणि ‘टॉय’ लिहून गुपचूप पाठवलेलं पार्सल अडकलं तर वाद तुमच्या गळ्यात. माझ्या मते बॅटरी त्याच्याकडेच राहू द्यावी, तेवढे पैसे कमी करून घ्यावेत आणि इथे नवी घ्यावी.

‘भाच्याने अमेरिकेहून आणलीये’ असं असेल तर चार्जरवरचं स्टिकर वाचा. १००–२४० व्होल्ट लिहिलं असेल तर ठीक. नुसतं ११० किंवा १२० असेल तर आपल्या सॉकेटमध्ये घातल्याबरोबर त्याचा निकाल लागेल.

‘पेट्रोलवर चालणारी’

दहातल्या नऊ वेळा ही नायट्रो असते. तिच्यात पंपावरचं पेट्रोल घालायचं नाही. तिचं इंधन म्हणजे मेथॅनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांचं मिश्रण. ते मिळवणं हाच आपल्याकडे अर्धा उद्योग आहे. खरी पेट्रोलची आरसी बहुधा १/५ मापाची, स्पार्क प्लग असलेली धूड असते आणि तिच्या पेट्रोलमध्येही टू-स्ट्रोक तेल मिसळावं लागतं. नायट्रोच्या जाहिरातीत ‘थोडं ट्यूनिंग लागेल’ हे वाक्य दिसलं की मी त्याचा अर्थ ‘चालू होत नाही’ असा घेतो. ग्लो प्लग (इंधन पेटवणारा तापता प्लग) जागेवर ठेवून फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चक्र, हाताने फिरवायला सांगा. पिस्टन वर पोचताना चांगलाच अडखळला पाहिजे. लोण्यासारखा फिरला तर कॉम्प्रेशन गेलंय, ट्यूनिंग करून परत येत नाही. अजिबातच फिरत नसेल तर आतलं तेल चिकटलेलं असू शकतं किंवा बेअरिंग गंजलेलं. पहिलं असेल तर इंजिन हलक्या हाताने गरम केल्यावर सुटतं, दुसरं असेल तर नाही.

आणखी काही लाडके शब्द

‘फुल्ली अपग्रेडेड’ म्हणजे निळे-लाल ॲल्युमिनियमचे भाग. सस्पेन्शनचा प्लास्टिकचा हात वाकून परत येतो, ॲल्युमिनियमचा वाकलेलाच राहतो, नाहीतर धक्का पुढच्या भागाकडे सरकवतो. मूळ भाग का काढले, हे विचारा.

‘स्पीड ६०’ म्हणजे मैल की किलोमीटर? खोक्यावरचा आकडा बहुधा मैलात, आणि तोही तीन सेलची बॅटरी व वेगळा पिनिअन (मोटरवरचं छोटं चक्र) लावून गाठलेला.

‘वॉटरप्रूफ’ असतं ते इलेक्ट्रॉनिक्स. बेअरिंग गंजतातच. अलिबागच्या किनाऱ्यावर लाटेतून उसळणारी गाडी असा फोटो जाहिरातीत असेल तर फोटो सुंदर आहे म्हणा आणि पुढे सरका.

‘रिमोट हरवलाय, पण कुठलाही चालतो.’ नाही चालत. दोन्ही २.४ गिगाहर्ट्झचे असले तरी एका कंपनीचा ट्रान्समीटर, म्हणजे रिमोट, दुसरीच्या रिसीव्हरशी सहसा बोलत नाही. सुटा रिसीव्हर असेल तर नवीन जोडी घेऊन काम होतं. रिसीव्हर आणि ईएससी एकाच बोर्डावर असतील तर दोन्ही बदला.

आता आपली चूक. आपण पहिला मेसेज टाकतो, ‘दादा, लास्ट प्राइस?’ भाव ठरला की मग प्रश्न विचारायला आपल्यालाच ओशाळं होतं. आधी पोटाचा फोटो, व्हिडिओ, व्होल्टेज, मग पैशाचं बोलणं. ‘अजून तिघं मागतायत, टोकन पाठवा’ म्हटलं तर खुशाल त्या तिघांना द्या म्हणायचं. पार्सल आलंच तर सेलोटेप कापण्यापासून कॅमेरा चालू ठेवा.

आणि एक उलटी बाजू. जाहिरात दुसऱ्या दिशेनेही चुकते. ‘डेड आहे, पार्टसाठी’ म्हणून एक १/१० चा ट्रक मी भंगाराच्या भावात उचलला. दोन पावलं चालायचा आणि आचके देत थांबायचा. ईएससी लायपोच्या सेटिंगवर होती आणि बिचाऱ्याने सहा सेलची जुनी निकेल बॅटरी लावलेली. भार आला की व्होल्टेज खाली आणि लायपो वाचवायला गाडी थांबवणारा कटऑफ लागू. सेटिंग बदललं, बॅटरी नवी घातली, ट्रिगरचं कॅलिब्रेशन केलं, म्हणजे त्याच्या हद्दी ईएससीला परत शिकवल्या. पंधरा मिनिटांचं काम. ट्रक अजून चालतो, आणि स्पर गिअर बदललेली ती बग्गी मुलाच्या मित्रांनी या दिवाळीत परत एकदा जिन्यावरून खाली घातली.