मेसा वर्डे एका दिवसात करायचंय? आधी तिकीट, मग बाकीचं

कोलोरॅडोमधलं मेसा वर्डे नॅशनल पार्क म्हणजे कड्याच्या कपारीत बांधलेली घरं, अशी जवळपास ६०० आहेत, पण आत जायला मिळतं ती मोजकीच आणि बहुतेक ठिकाणी रेंजरबरोबरच. तिकीट ऑनलाइन, १४ दिवस आधी, तिकडच्या सकाळी ८ ला सुटतं, म्हणजे न्यू जर्सीत असाल तर १० ला लॅपटॉप उघडून बसायचं, तत्काळची सवय असलेल्यांना जमेल. तिकिटाचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, वर नेटवर्कचा भरवसा नाही.

आता आम्ही केलेली चूक. गेटवर पोचलो म्हणजे पोचलो असं वाटलं, पण गेटपासून आमची टूर होती त्या क्लिफ पॅलेसपर्यंत घाटरस्त्याने पाऊण ते एक तास लागतो, आमची टूर गेली ना राव! त्यामुळे टूरच्या दीड तास आधी गेटवर हवंच.

क्लिफ पॅलेस सगळ्यात मोठं, दीडशेच्या आसपास खोल्या. बाल्कनी हाऊस या दुसऱ्या कपारीतल्या घराला ३२ फुटी लाकडी शिडी आहे आणि शेवटी १८ इंच रुंद बोगद्यातून रांगत बाहेर यायचं, गुडघे कुरकुरत असतील किंवा उंचीची भीती असेल तर उगाच हिरोगिरी नको. आत खाणं चालत नाही, फक्त पाणी, ठेपले गाडीतच ठेवा. पाणी मात्र भरपूर घ्या, ७-८ हजार फुटांवर चार पायऱ्यांत धाप लागते.

किवा दिसली की जरा थांबा. ही जमिनीत खोदलेली गोल खोली, मधे चूल, भिंतीत हवा आत यायची वाट, आणि दोन्हीच्या मधे आडोशासारखा एक दगड उभा केलेला, म्हणजे बाहेरची हवा आत येते पण थेट आगीवर जात नाही, दगडावर आपटून बाजूला पसरते. बाराव्या-तेराव्या शतकातलं काम हे! १३०० च्या सुमारास ही घरं बांधणारे अमेरिकेतले मूळ रहिवासी दक्षिणेकडे निघून गेले, दुष्काळ हे एक कारण मानतात. आजचे होपी, झुनी वगैरे प्युब्लो जमातींचे लोक त्यांचेच वंशज, त्यांच्यासाठी ही पूर्वजांची घरं आहेत, म्हणून भिंतींना हात लावू नका, टेकू पण नका.

हाइकसाठी पेट्रोग्लिफ पॉइंट ट्रेल, २.४ मैलांचा, म्युझियमजवळून सुरू होतो. सुरुवातीला नाव नोंदवायचं, मग खडकांच्या फटींतून अरुंद वाट, दगडावर कोरलेली चित्रं आली की थोडं हातापायांनी चढून वर यायचं, पुढे परतीचा रस्ता सपाट. चप्पल घालून जाऊ नका प्लीज. उन्हाळ्यात दुपारी विजांसकट पाऊस येतो, म्हणून हे सकाळीच उरका.

आईबाबा बरोबर असतील तर त्यांना शिड्यांचा आग्रह नको, मेसा टॉप लूपवर गाडीने सन पॉइंटला न्या, समोरच्या कड्यात क्लिफ पॅलेस अख्खा दिसतो.

आईला सगळ्यात आवडला तो मका दळायचा दगड, अगदी आपला पाटा-वरवंटा. पिठात दगडाची कच जायची आणि त्या लोकांचे दात लवकर झिजायचे हे कळल्यावर म्हणाली, "म्हणून तर जात्याला छिन्नीने टाकी लावली की पहिलं दळण आम्ही गुरांना घालायचो."