युद्धानंतर जंगल उभं करताना या चुका टाळा

युद्ध थांबलं की बोडके डोंगर डोळ्यांत खुपायला लागतात आणि सरकार सगळ्यात आधी रोपं लावायचा हुकूम काढतं. गाडं इथेच अडतं. दक्षिण कोरियात १९५३ साली तोफा थंडावल्या तेव्हा जंगलात हेक्टरी जेमतेम ६ घनमीटर लाकूड उरलं होतं. आज ते १६०च्या वर गेलंय. पण पहिली वीसेक वर्षं झाडं लावली जात होती आणि डोंगर बरेचसे तसेच उघडे दिसत होते. का, ते समजून घेतलं तर निम्म्या चुका टळतील.

रोपं नाहीशी होतायत? आधी चुलीपाशी जा

कोरियन घरात ओंडोल असतो. स्वयंपाकघरातल्या चुलीची ऊब नि धूर फरशीखालच्या पोकळ वाटांमधून पलीकडच्या धुराड्याकडे जातो आणि खोलीची जमीन तापते. बाहेर पारा शून्याखाली असताना अख्खं कुटुंब त्या जमिनीवर झोपतं. म्हणजे सरपण फक्त भातासाठी लागत नव्हतं, रात्र काढायलाही लागत होतं. फांद्या संपल्या की लोक पाइनच्या गळलेल्या सुया दाताळ्याने ओढून न्यायचे. सुया गेल्या की मातीवरचं पांघरूण जातं आणि पहिल्या जोरदार पावसात माती ओढ्याला लागते. अशा डोंगरावर रोप लावून काय होणार?

तिथला उपाय दोन बाजूंनी आला. शहरांत लाकडाऐवजी दगडी कोळशाच्या भोकं पाडलेल्या वड्या आल्या आणि गावांसाठी झटपट वाढणाऱ्या झाडांची सरपणाची वेगळी वनं लावली गेली. तुमच्या लागवड योजनेच्या मसुद्यात रोपांसाठी पैसे असतील आणि इंधनासाठी नसतील, तर तो मसुदा परत लिहायला घ्या. मला तरी ही सगळ्यात मोठी चूक वाटते. सीमेपलीकडे उत्तर कोरियात १९९०च्या दशकात अन्न आणि इंधन दोन्ही आटलं, तेव्हा लोकांनी सरपणासाठी नि डोंगरउतारावरच्या शेतीसाठी जंगल तोडलं. द्वीपकल्प एकच, फरक चुलीचा.

लावलेली मोजू नका, जगलेली मोजा

१९७३ साली दक्षिण कोरियाने दहा वर्षांत १० लाख हेक्टरांवर झाडं लावायची योजना आखली आणि लक्ष्य १९७८मध्येच गाठलं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती तपासणी. एका प्रांतातली लागवड दुसऱ्या प्रांतातले अधिकारी येऊन तपासत, आणि रोपं जगली का हेही बघत. आपल्याकडे महाराष्ट्रात पावसाळ्यात लावलेल्या रोपांचे आकडे ठळक छापून येतात. पुढच्या मे महिन्यात त्यातली किती उभी आहेत, हे त्याच टायपात कधी छापून येतं?

रोपंही सरकारी रोपवाटिकेतच वाढवायला हवीत असं नाही. कोरियात गावकरी रोपं तयार करत आणि सरकार ती विकत घेई. गावाच्या हातात लागवडीच्या आधीच चार पैसे येत.

एक मात्र स्वच्छ सांगायला हवं. हे सगळं राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीत घडलं. १९७३ साली वनखातं गृह मंत्रालयाखाली गेलं आणि डोंगरावर जंगल जाळून शेती करणाऱ्या गरीब कुटुंबांना तिथून उठवलं गेलं. त्यातली तपासणी घ्या, धाक घेऊ नका.

दरवर्षी रोपं जळतात?

मग जात चुकलेली नसते, क्रम चुकलेला असतो. व्हिएतनाममध्ये १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकेने तणनाशकं फवारली. डोंग नाय प्रांतातल्या मा दा जंगलात मोठी झाडं मेली आणि त्यांच्या जागी उंच गवत माजलं. तिथे आपल्या साल वृक्षाच्या कुळातली मूळची झाडं थेट गवतात लावली गेली, तर कोरड्या ऋतूत गवत पेटायचं आणि रोपं त्यात जायची. शेवटी आधी ऑस्ट्रेलियन बाभूळ, कसोद अशी चिवट झाडं लावली. त्यांची सावली पडल्यावर गवत मागे हटलं आणि मग त्या सावलीत मूळची रोपं तग धरू लागली. उद्घाटनाच्या फोटोसाठी ही वाट फार लांबची आहे, पण पोहोचवते.

त्याच देशात क्वांग त्री प्रांतात जमिनीत अजूनही न फुटलेले बाँब सापडतात. तिथे कुदळ मारण्याआधी जमीन तपासून घेणं हा लागवडीच्या खर्चाचाच भाग आहे. अंदाजपत्रकात तो 'इतर' खाली टाकलात, तर खड्डा खणणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो.

जंगल उभं राहिलं, आता काम संपलं?

कोरियाचं बरंचसं जंगल एकाच सुमारास उभं राहिलं, त्यामुळे त्यातली झाडं जवळपास एकाच वयाची आहेत, आणि पाइन तेलकट असल्याने भराभर पेटतो. मार्च २०२२मध्ये उल्जिन आणि आसपासच्या पूर्व किनाऱ्यावर वणव्यांत २०,००० हेक्टरांहून जास्त जंगल गेलं. आता तिथे परत पाइन लावायचा की रुंद पानांची, आग अडवणारी झाडं, हा वाद आहे. उल्जिनच्या डोंगरांत सोंगी नावाची महागडी अळंबी वेचून घर चालवणाऱ्यांना पाइनच हवाय, कारण ती अळंबी जिवंत पाइनच्या मुळांपाशीच उगवते.